चालणाऱ्या पायांची सेवा
(शताब्दी सप्ताहातील भाषण)



दिंडीचालक, विणेकरी, टाळकरी, मृदंगाचार्य आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणींनो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. ती पायांनी चालून झाली. म्हणून आज दोन शब्द पायांविषयी.

लातूरहून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून तीनशेच्या वर. किलोमीटरला दीड हजार पावलं धरली तर लातूरकराचीच तीन लाख पावलं झाली. एका पावलात २६ हाडं असतात आणि सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर. त्यात आषाढाचा पाऊस आणि आपली काळी चिकट माती. मुक्कामाला टेकलं की टाचा ठणकतात, पोटऱ्यांना गोळे येतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

पाय चोळणं आपल्याकडे नवं नाही. चरकसंहितेत पादाभ्यंग सांगितला आहे. त्याने पायांचा थकवा, ताठरपणा, खरखर कमी होते असं म्हटलं आहे. घरोघरी आजी काशाच्या वाटीने तळवे घासायची. हल्ली 'रिफ्लेक्सॉलॉजी' हा शब्द ऐकू येतो. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी साधारण १९१७ साली शरीराचे दहा उभे पट्टे मांडले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी तळपायावर साऱ्या शरीराचा नकाशा बसवला. इथे दाबलं की मूत्रपिंड, तिथे दाबलं की डोळे, असा तो नकाशा.

आता खरं काय ते सांगतो. पाय नीट चोळले की थकवा उतरतो, मन शांत होतं, झोप लागते. एवढा लाभ खरा आहे आणि वारीत तो मोठा आहे. पण तळवा दाबून आतला रोग ओळखता येतो किंवा बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. काशाच्या वाटीने तळवा काळा होतो, तो धातू आणि तेला-तुपाच्या घासण्याने. ती अंगातली घाण नव्हे. म्हणून शुगरची, बीपीची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.

चोळायचं कसं? पाय कोमट पाण्याने धुवा, बेचक्या कोरड्या करा. आपलं करडईचं किंवा तिळाचं तेल थोडं घ्या. अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे हळूहळू दाबत जा. पोटरीवर हात खालून वर फिरवा. एका पायाला पाच-दहा मिनिटं पुरे. 'दुखतंय' म्हटलं की हात थांबवायचा. शेवटी तेल पुसून घ्या, नाहीतर पाय घसरतो.

कोणाचे पाय चोळायचे नाहीत? जखम, फोड किंवा पिकलेलं बोट असेल त्याचे. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर तिला हातच लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टर गाठा, १०८ ला फोन करा.

शुगरवाल्या माउलींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. शुगरने पाय बधिर होतात. काटा रुतला, डांबराने तळवा भाजला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, जखम चिघळते आणि कधी पाय काढायची वेळ येते. रोज मुक्कामाला तळवे आरशात बघा, नाहीतर सोबत्याला दाखवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने बघा. फोड फोडू नका. अनवाणी वारीचा नवस असेल तरी चप्पल-बूट घाला. पांडुरंगाला तुम्ही पुढच्या वर्षीही दारात आलेले हवे आहात.

आपल्या संप्रदायात लहान-थोर, जात-पात न बघता एकमेकांच्या पाया पडतात. त्या पायांना हात लावायला लाज कसली? माझी विनंती एवढीच : प्रत्येक मुक्कामी हरिपाठ झाला की जोडी-जोडीने बसा. तरण्यांनी म्हाताऱ्यांचे पाय बघावेत, धुवावेत, चोळावेत. या सेवेला ना पैसा लागतो, ना फलक. कोणाच्या पायाला जखम दिसली तर त्याच रात्री दिंडीचालकांच्या कानावर घाला.

रामकृष्ण हरी!