गाईड मिटा, गोष्ट सांगा

(जामसंडे येथे बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीची परीक्षा आणि हापूसच्या बागेतली कामं आपल्याकडे एकाच वेळी येतात. दिवसा घरच्यांना हातभार आणि रात्री इंग्रजीचं पुस्तक, असं तुमच्यापैकी अनेकांचं चालू असेल. म्हणून एकच गोष्ट सांगतो: युवकभारतीतल्या कविता-कादंबऱ्यांची उजळणी गाईडपासून सुरू करू नका.

मी तेच केलं होतं. आमचं पुस्तक वेगळं होतं, पण सवय हीच. एका कवितेचं रसग्रहण शब्दन्‌शब्द पाठ केलं. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला आणि तिसऱ्या वाक्यावर मी अडकलो. मूळ कविता मी धड वाचलीच नव्हती. आज कामातही हेच बघतो. दुसऱ्याचा कोड न समजता उचलला तर चालतो, पण बिघडला की दुरुस्त करता येत नाही.

८० गुणांच्या लेखी पेपरात कवितेला १४ आणि कादंबरीला १६, म्हणजे ३० गुण आहेत. तरी मुलं म्हणतात, ‘हे साहित्य आपलं नाही.’ खरंच नाही का?

रॉबर्ट साउदीची ‘इंचकेप रॉक’ घ्या. समुद्रातला घातक खडक, खलाशांना सावध करायला त्यावर बांधलेली घंटा, ती कापून टाकणारा चाचा आणि शेवटी त्याच खडकावर आपटणारं त्याचंच जहाज. पाण्याखालचा खडक काय करतो, हे देवगड बंदरातल्या तांडेलाला गाईडमधून वाचावं लागत नाही.

दिलीप चित्र्यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’मधला बाप रात्री लोकलने घरी येतो आणि घरातही एकटाच असतो. ज्यांचे अब्बा मुंबईत किंवा आखातात नोकरीला आहेत, त्यांना या कवितेचा अर्थ कोणी सांगायला हवा का?

ई. आर. ब्रेथवेट यांचं ‘टू सर, विथ लव्ह’ १९५९ साली आलं. ब्रिटिश गयानात जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. युद्धानंतर लंडनमध्ये, शिक्षण असूनही, त्वचेच्या रंगामुळे त्याला इंजिनिअरची नोकरी मिळाली नाही. म्हणून तो ईस्ट एंडच्या शाळेत शिक्षक झाला. पुण्यात भाड्याची खोली शोधताना माझं नाव ऐकून एका घरमालकाने ‘कळवतो’ म्हणत फोन ठेवला होता. मी गप्प बसलो, मला एक वाक्य सुचलं नाही. ब्रेथवेट यांनी आपला अपमान शांतपणे, नेमक्या शब्दांत लिहून ठेवला. स्वतःच्या शब्दांत लिहिता येणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तिथे कळलं.

आता उजळणी कशी करायची ते सांगतो. कविता किंवा कादंबरीतला उतारा एकदा मोठ्याने वाचा. पुस्तक मिटा. अम्मीला, दादीला, धाकट्या भावाला आपल्या बोलीत पाच मिनिटांत गोष्ट सांगा. जिथे अडाल, तेवढाच भाग पुन्हा वाचा. मग पुस्तक न बघता इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. चुकली तरी चालतील, सरांकडून किंवा मॅडमकडून तपासून घ्या. तीन दिवसांनी तीच पाच वाक्यं कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. कादंबरीसाठी कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि आशय यांचं प्रत्येकी एक पान करा. गाईड सगळ्यात शेवटी उघडा, काही सुटलं का एवढंच बघायला.

रसग्रहणात कविता तुम्हाला का आवडली हेही लिहायचं असतं. तिथे गाईडचं उत्तर शेकडो मुलांचं एकच असतं. तांडेलाचं, आखातातल्या अब्बांचं वाक्य फक्त तुमचं असेल.

पुढे प्रवेशाचा अर्ज, नोकरीची मुलाखत, तक्रारीचं पत्र, सगळीकडे प्रश्न फिरवूनच येतो. तिथे गाईड मिळत नाही.

आज रात्री एकच कविता घ्या. जेवण झालं की घरात कोणाला तरी ती सांगा.