न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मंडळी, आज एका न्यायाधीशांची गोष्ट ऐका. बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबईच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. विलायतेत शिकून १८६७ साली ते बॅरिस्टर झाले. १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९५ साली इंग्रज सरकारने त्यांना मुंबई हायकोर्टात न्यायाधीश नेमले.

पुढेच खरी परीक्षा होती, बरं का! १८९७ साली सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला. मग तो तय्यबजींपुढे आला. पगार सरकारचा, खटलाही सरकारचा. आता हो?

गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. आरोपीला आपली बाजू मांडायची, तर तयारीला मोकळीक हवी. तय्यबजींनी जामीन दिला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशापुढे टिळकांना शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी.

मंडळी, तराजू धरणाऱ्याने गिऱ्हाईक पाहू नये, काटा पाहावा.