कळ एक, आज्ञा अनेक

(शताब्दी व्याख्यानमालेत गणेशगुडी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कळ म्हणजे काय, हे गणेशगुडीच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे सुपा धरण येथेच आहे आणि त्याच्या पायथ्याच्या वीजगृहात प्रत्येकी ५० मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. जलविद्युत केंद्रात जनित्र सुरू करायचे असते तेव्हा झडपा उघडणे, चक्राला गती येणे, त्या गतीचा वीजजाळ्याशी मेळ बसणे, अशा अनेक क्रिया ठरलेल्या क्रमाने घडाव्या लागतात. त्यांची सुरुवात मात्र कक्षात बसलेल्या एका माणसाच्या बोटाने होते. तो क्रम कोणीतरी आधी विचारपूर्वक बांधून ठेवलेला असतो, म्हणूनच एक बोट पुरते.

आजचा विषय हाच आहे. केवळ त्याचे स्थळ लहान आहे. ग्रंथालयाच्या टेबलावर संगणक असतो, त्याच्यापुढे कळफलक असतो. त्या फलकावरील एखाद्या कळीला आपल्या मनाजोगते काम सांगता येते काय, आणि ते कोणी सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

थोडक्या खुणेत पुष्कळ सांगण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही. पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ एवढे लिहिले की ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा सगळा मायना पोहोचत असे. ‘रा. रा.’ म्हटले की ‘राजमान्य राजश्री’ समजावयाचे. लग्नपत्रिकेतील ‘चि. सौ. कां.’ आणि पत्त्यातील ‘मु. पो. ता. जि.’ ही त्याच कुळातली मंडळी. मोडी लिपीत लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जाण्याची जी रीत होती, तिच्यामागेही कारकुनाचा हात वाचावा हाच हेतू होता. मात्र या खुणांचे बळ अक्षरांत नसून संकेतात असते. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात तो संकेत ठरलेला असेल तोवर चार अक्षरे पुरतात. संकेत विसरला गेला की तीच चार अक्षरे कोडे होऊन बसतात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

संगणकाचा कळफलक मुळात अशाच संकेतावर चालतो. कळीवर छापलेले अक्षर संगणकाला दिसत नाही. त्याला केवळ कळीचा क्रमांक कळतो. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात इंग्रजी ‘के’ छापलेल्या कळीचा क्रमांक ३७ आहे. या ३७ चा अर्थ ‘के’ घ्यावा की ‘क’, हे एक तक्ता ठरवतो. तक्ता बदलला की तीच कळ दुसरे अक्षर उमटवते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली आणि १९८८ साली ती सुधारली. तिच्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. या मांडणीत ‘के’ची कळ देवनागरीत ‘क’ उमटवते आणि कन्नड लिपीतही कन्नड ‘क’च उमटवते. लिपी वेगळी असली तरी वर्णमाला एक, म्हणून बोटाला दुसऱ्यांदा शिकावे लागत नाही.

याहून हृद्य गोष्ट पुढेच आहे. कर्नाटकातील विद्वान के. पी. राव यांनी कन्नडसाठी उच्चारानुसारी कळफलक रचला. ‘कन्नड गणक परिषत्’ या संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘कगप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. लिनक्स प्रणालीत आज मराठीसाठी ज्या मांडण्या मिळतात, त्यांतील एकीचे नाव ‘मराठी कगप’ असेच आहे. ‘के’ला क, ‘जी’ला ग, ‘पी’ला प, अशी तिची रीत. सीमेवरील वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण मराठी लिहिणाऱ्याची बोटे कन्नड नावाच्या मांडणीवर सुखाने फिरू शकतात, ही बाब फारशी कोणी सांगत नाही.

जोयडा तालुक्याच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष अर्थ आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली राज्य पुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. माणसे होती तेथेच राहिली. कचेरीची भाषा बदलत गेली. घरात कोंकणी किंवा मराठी, कचेरीत कन्नड, कागदावर मधूनच इंग्रजी, हा येथला नित्याचा व्यवहार आहे. आता अशा गावातल्या ग्रंथालयाची नोंद डोळ्यांपुढे आणावी. पुस्तकाचे नाव मराठीत, देणगीदाराचा पत्ता कन्नडमध्ये, दाखल क्रमांकापुढची खूण इंग्रजीत. एका नोंदीत तीनदा लिपी बदलावयाची. दर वेळी कोपऱ्यातील चिन्हाकडे जा, यादी उघडा, भाषा निवडा, परत या. दिवसभरात पन्नास पुस्तके नोंदवायची असली तर ग्रंथपालाचा धीर दहाव्या पुस्तकाला सुटतो. मग मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत पडू लागतात, तीही एकाच शब्दाच्या तीन निरनिराळ्या वर्णलेखनांनी. पुढे कोणी देवनागरीत शोध घेतला तर कपाटात असलेले पुस्तक संगणकाला सापडत नाही. येथे मराठीवर कोणी बंदी घातलेली नसते. केवळ हात थकलेला असतो, आणि तेवढ्याने भाषा नोंदवहीतून बाहेर पडते.

यावर उपाय आहे, आणि तो ग्रंथालयाच्या आवाक्यातला आहे. त्याला ‘शेल स्क्रिप्ट’ म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आदींनी युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. प्रणालीचा गाभा आणि माणूस यांच्यामध्ये राहून माणसाच्या आज्ञा गाभ्याला पोहोचवणारा जो दुभाषी असतो, त्याला शेल, म्हणजे कवच, असे नाव पडले. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली रचलेला ‘बॅश’ हा त्याचाच वारस, आणि लिनक्सच्या अनेक संगणकांवर तोच आढळतो. शेलला द्यावयाच्या आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. सुगरणीने कृती क्रमवार टिपून ठेवावी, तसे हे टाचण.

कृती अशी. साध्या संपादकात फाइल उघडून पहिल्या ओळीत कोणत्या शेलने ती वाचावी हे लिहावयाचे, त्याखाली आज्ञा. फाइल जतन करून ‘सीएच-मॉड’ या आज्ञेने तिला चालण्याची परवानगी द्यावयाची. नंतर सेटिंग्जमधील कीबोर्डच्या भागात जाऊन स्वतःचा शॉर्टकट जोडावयाचा: नाव, फाइलीचा पूर्ण मार्ग आणि हवी ती कळजोडी. एवढ्यावर काम होते.

ग्रंथालयाला तीन टाचणे पुरतील. पहिले लिपीबदलाचे. जुन्या ‘एक्स इलेव्हन’ पद्धतीवर चालणाऱ्या संगणकांत ‘सेट-एक्स-केबी-मॅप’ ही आज्ञा तक्ता बदलते. मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांसाठी एकेका ओळीच्या तीन फाइली कराव्या. नव्या ‘वेलँड’ पद्धतीत तक्ता बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये वेगळी असते. पण कळजोडीला टाचण बांधण्याची रीत तीच. येथे एक खाच आहे. कळजोडीत ‘एम’ किंवा ‘के’ अशी अक्षरे घेतली, तर मराठी तक्ता चालू असताना ती कळ अक्षरच वेगळे सांगते आणि इंग्रजीकडे परतण्याची कळजोडी मुकी होण्याचा संभव असतो. म्हणून वरच्या रांगेतील एफ-६, एफ-७, एफ-८ यांसारख्या कळा खिडकीचे चिन्ह असलेल्या ‘सुपर’ कळीबरोबर घ्याव्या. भाषा बदलली तरी त्यांचा अर्थ बदलत नाही.

दुसरे टाचण मायन्याचे. थकलेल्या पुस्तकांचे स्मरणपत्र, देणगीची पोच, सभेची सूचना यांचा ठरीव मजकूर एका फाइलीत ठेवावा. ‘एक्स-क्लिप’ या साधनाने टाचण तो मजकूर क्लिपबोर्डवर आणून ठेवते. मग कंट्रोल आणि ‘व्ही’ दाबून तो पत्रात उतरवावयाचा. आजोबांच्या ‘सा. न. वि. वि.’चाच हा नवा अवतार.

तिसरे टाचण सर्वांत महत्त्वाचे. संध्याकाळी दार लावण्यापूर्वी एक कळजोडी दाबली की त्या दिवसाची तारीख नावात घेतलेले नवे दालन दुसऱ्या डिस्कवर तयार व्हावे, दाखल नोंदवहीची प्रत तेथे जावी आणि काम पूर्ण झाल्याचा निरोप पडद्यावर यावा. निरोप आला नाही तर काही बिघडले, हे त्याच वेळी समजते.

सोयीबरोबर सावधपणा हवा. शेल आज्ञाधारक आहे, समंजस नाही. ‘आरएम’ या आज्ञेने काढून टाकलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती गेलीच म्हणून समजावे. म्हणून नवे टाचण आधी प्रतीवर चालवून पाहावे. परक्याने दिलेले टाचण वाचल्याशिवाय चालवू नये. सर्वांच्या बोटांत बसलेल्या कळजोड्या मोडू नयेत. कापणे, प्रत घेणे व चिकटवणे ही रीत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७० च्या दशकात रूढ केली. आता ती जगाची झाली आहे. एका संगणकावर तिचा अर्थ बदलला तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस गोंधळतो.

हा दुसऱ्या दिवशी येणारा माणूसच या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकला जाई. प्रत्येकाचा तक्ता वेगळा, आणि तो गुप्त. पुढे तो फाँट मिळेनासा झाला की कष्टाने केलेल्या याद्या पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन दिसत. युनिकोडने सर्वांचा मिळून एक उघडा तक्ता दिला. २०१४ साली त्यात मोडीलाही स्थान मिळाले. टाचणाचे तेच आहे. ते साध्या मजकुरात असते, कोणालाही उघडून वाचता येते. शिवाय त्यात ‘हॅश’ या चिन्हापुढे लिहिलेली ओळ शेल वगळतो. ती माणसासाठी असते. ही आज्ञा काय करते, कोणत्या तारखेला लिहिली, का लिहिली, हे तेथे चक्क मराठीत लिहिता येते. ते लिहिले नाही तर एका हुशार ग्रंथपालाची सोय त्याच्या निवृत्तीबरोबर संपते आणि मागे कोडे उरते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. ग्रंथपालाच्या हाताचा वाचलेला वेळ अखेर वाचकाच्याच पदरात पडतो.

जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. बुडालेल्या गावाचे जे कागदावर उतरले तेच पुढच्या पिढीला पाहता येते. म्हणून या शताब्दीनिमित्त एक लहानशी विनंती आहे. दाखल नोंदवहीशेजारी एक शंभरपानी वही ठेवावी आणि तिच्यावर ‘कळींची वही’ असे नाव घालावे. कोणती कळजोडी काय करते, तिचे टाचण कोठे आहे, ते कोणी केव्हा बदलले, हे तिच्यात लिहीत जावे. मोठ्या शहरातून कोणी तयार सोय करून देईल म्हणून थांबण्याचे कारण नाही. पहिल्या पानावर लिपीबदलाच्या तीन कळजोड्या लिहून उद्याच आरंभ करता येईल.