दगडावरची बावीस नावं



मी किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमचं गाव दगडमातीच्या भिंतींखाली गाडलं गेलं. माळवद जितकं जड, तितकं मरण जवळ! आमच्या कुडानं तेवढा दगा दिला नाही. तेव्हा दगडी वारशाचं कौतुक मला कुणी सांगू नये.

तरी एका दगडापुढं मी मान झुकवतो. भीमा कोरेगावचा रणस्तंभ. 1 जानेवारी 1818 च्या लढाईची आठवण म्हणून कंपनी सरकारनं 1821 मध्ये त्याचा पाया घातला. खाली चौकोनी ओटा, वर निमुळता होत गेलेला खांब. घाट मूळचा इजिप्तचा, साहेबाबरोबर इथं आला. त्याला कळस नाही, मूर्ती नाही, गाभारा नाही. म्हणजे कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवायची सोयच नाही!

कंपनीच्या बाजूनं पडलेल्या 49 जणांची नावं त्यावर आहेत. त्यातल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक'. गावात ज्याला नुसतं 'अरे म्हारा' म्हणायचे, त्याचं अख्खं नाव दगडात कोरलेलं.

कुणी म्हणतं, खांब इंग्रजाचा. आहेच. त्यानं स्वतःचा विजय कोरला, आपली मुक्ती नव्हे. काम झाल्यावर 1890 च्या दशकात त्याच सरकारनं महारांची भरती बंद केली. पण 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं उभे राहिले आणि खांबाचा मालक बदलला. म्हणून तर 2018 मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, तिथं दगडफेक झाली. इंग्रजाच्या खांबासाठी कोण कशाला चिडतं?

यंदा जाल तेव्हा फोटो मागाहून काढा. आधी ती नावं वाचा, मोठ्यानं.