जुनी स्कूटर आणि जाणता हात



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, असा आजवरचा क्रम. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर आणि गॅरेजच्या दारात. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘जुनी स्कूटर’ असे सांगितले. ते हसले. त्यांना वाटले, कामगार चळवळीचा माणूस संपावर नाहीतर महागाईवर बोलेल. आम्ही म्हटले, थोडा धीर धरा. स्कूटरवर बसूनच आपण कामगाराच्या दारापर्यंत जाणार आहोत.

या सभेत बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी एके काळी बजाजची स्कूटर होती. काहींच्या घरी ती अजून आहे. त्यातही ‘प्रिया’ ही तर आपल्या जिल्ह्याची लेक. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याला कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, आपल्या वाईत सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला. एका गावी ज्ञानाचा कोश आणि शेजारच्या गावी स्कूटर, असा तो काळ होता. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावावा लागे, आणि नंबर लागेपर्यंत वर्षामागून वर्षे जात. आमच्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन जात होतो. गाडी दारात आली तेव्हा आम्हांला मिसरूड फुटले होते.

पुढे दिवस पालटले. १९८४ नंतर गियर नसलेल्या स्कूटरी आल्या, १९८५ नंतर लिटरमध्ये पुष्कळ पळणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, आणि २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले. गिऱ्हाईक कमी झाले. एप्रिल २००६ पासून साताऱ्याच्या कारखान्यात गियरची स्कूटर बनणे थांबले. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटरचा धंदाच सोडण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये ‘चेतक’ हे नाव परत आले, पण ते विजेच्या गाडीवर. म्हणजे साताऱ्याच्या गियरवाल्या स्कूटरींपैकी सर्वांत धाकटी गाडीही आता विशी गाठून बसली आहे. कारखान्याने हिशेब मिटवला. परंतु वापरणाऱ्याचा हिशेब चालूच आहे. त्याला उद्या सकाळी भुइंजला जायचे आहे, आणि गाडी किक मारून उठत नाही. त्याने काय करावे?

पहिली तक्रार हीच : गाडी सुरू होत नाही. आपल्याकडे अशा वेळी गाडी एका अंगावर तिरपी करण्याची पद्धत आहे. टाकीच्या तळाचे उरलेसुरले पेट्रोल नळीच्या तोंडाशी यावे, एवढाच तिचा अर्थ. पेट्रोल असूनही गाडी उठत नसेल तर तिरपी करून कंबर दुखेल, दुसरे काही होणार नाही. आधी प्लग काढून पाहावा. प्लग हा इंजिनाची जीभ आहे, वैद्य जीभ पाहतो तसा तो पाहावा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर प्रकृती उत्तम. काळा व ओलसर असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक असेल तर इंजिन तापते आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. प्लग बरा असेल तर प्लॅटिन पॉइंट पाहावेत. त्यांची तोंडे जळून खडबडीत होतात, मधले अंतर बदलते, आणि ठिणगी वेळेवर पडत नाही. कंडेन्सर बिघडला तरी हेच होते. पॉइंट घासून अंतर जुळवणे हे पाच-दहा मिनिटांचे काम, पण ते जुळवणारी बोटे तयार व्हायला पाच-दहा वर्षे लागतात. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आम्हांला परत यायचे आहे.

दुसरी तक्रार नवी आहे, आणि ती आपल्याच रानातून आली आहे. उसापासून इथेनॉल होते व ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ मध्ये हे मिश्रण देशभर वीस टक्क्यांवर गेले. ऊसवाल्याला त्याने चार पैसे मिळत असतील तर आमची तक्रार नाही. आमचेही निम्मे नातलग ऊसवाले. परंतु ही स्कूटर बनली तेव्हा तिच्या रबरी नळीला आणि कार्ब्युरेटरमधल्या रबराला इथेनॉलची ओळख नव्हती. जुने रबर त्याने फुगते, मऊ होते, चिरते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि आतून गंज धरतो. उपाय साधे आहेत. नळी इथेनॉल सोसणारी घालावी. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नये. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहायची असेल तर कॉक बंद करून ती आपोआप विझेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. आणि प्लग पांढरा दिसू लागला तर मिस्त्रीकडून जेट तपासून घ्यावा.

तिसरी तक्रार सांगताना आम्हांला आमचीच फजिती सांगावी लागेल. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच पिस्टनचे वंगण. गाडीच्या पुस्तिकेत प्रमाण दिलेले असते, शेकडा दोनच्या आसपास. एका उन्हाळ्यात पाचगणीला सभा होती. आम्ही घाईत पेट्रोल भरले, आणि तेल ‘आधीचे असेलच’ म्हणून घातले नाही. मागे एक सहकारी बसलेले. पसरणी घाटाची निम्मी चढण झाली आणि इंजिनाचा आवाज कोंदल्यासारखा झाला. पुढच्याच वळणावर मागचे चाक एकदम जखडले. क्लच दाबण्याचे सुचले म्हणून आज या व्यासपीठावर उभे आहोत. सभा राहिली. इंजिन थंड झाल्यावर गाडी उतारानेच वाईत परत आणली.

मिस्त्रींनी सिलिंडर उघडला. पिस्टनवर नखाने ओरबाडावे तशा रेघा होत्या. त्यांनी तो पिस्टन आमच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “अण्णा, कामगाराचं पोट कापून कारखाना चालत नाही असं तुम्हीच भाषणात सांगता. मग हिचं तेल का कापलंत?” आम्हांला उत्तर देता आले नाही. सिलिंडर लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. वाचवलेल्या तेलाची किंमत किती आणि झालेला खर्च किती, ते सांगत नाही. घरीही पूर्ण सांगितलेले नाही.

त्याच वेळी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट शिकवली. क्रँकच्या दोन्ही अंगांना ऑइल सील असतात. वयाने ते कडक होतात आणि गळू लागतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गियरचे तेल आत ओढले जाते, गाडी पांढरा धूर सोडते आणि गियर ऑइल कमी होत जाते. मॅग्नेटोच्या बाजूचा गेला तर हवा आत शिरते. मूठ सोडली तरी इंजिन उगीच पळत राहते आणि तापते. लोक त्याला ‘गाडी काय पळते!’ म्हणतात. तो ताप आहे, जोम नव्हे. धूर दिसला की कार्ब्युरेटर बदलायला धावू नका; आधी सील पाहा. सायलेन्सरमध्ये काजळी साचली असेल तर ती साफ करून घ्या; श्वास कोंडलेला माणूस चढ चढत नाही आणि गाडीही चढत नाही. इंजिनावरचे पत्र्याचे झाकण काढून गाडी चालवू नका. पंख्याचा वारा त्या झाकणामुळेच सिलिंडरवर जातो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. क्लच, गियर आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी तुटतात त्या घाटातच. क्लचची एक जादा वायर डिकीत ठेवावी. ब्रेकचे शू वेळेवर बदलावेत. आणि पत्रा पाहावा. या गाडीला वेगळी चेसी नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पाय ठेवायच्या जागी रबराखाली पाणी मुरते आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग झकपक आणि खाली चाळण, अशा गाडीवर बायकामुलांना बसवू नये. इंजिन दहा वेळा उघडता येते; सडलेल्या पाठीच्या कण्यावर मात्र रंग लावून भागत नाही.

सुटे भाग मिळतात का, असे पुष्कळ लोक विचारतात. मिळतात. ही गाडी व्हेस्पाच्या कुळातली, आणि त्या कुळाचे पसारे जगभर आहेत. परंतु खऱ्या भागाच्या डबीत खोटा भागही मिळतो. आम्ही एकदा चार पैसे वाचवून अशीच एक क्लच प्लेट आणली. महिन्यात तिचा बुच झडला. मिस्त्रींनी भाग हातात घेऊन वजनावरूनच सांगितले असते, पण आम्ही त्यांना न विचारता आणला होता.

आता कायद्याचे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. दुचाकीची तीनशे रुपयांची फी १ एप्रिल २०२२ पासून हजार झाली. वीस वर्षांवरच्या दुचाकीला ती २०२५ मध्ये दोन हजार केली. वर पर्यावरण कर आहेच. यावर रागावणारे पुष्कळ आहेत. आमचे मत थोडे निराळे आहे. दोन-स्ट्रोक इंजिन न जळलेले पेट्रोल आणि तेल धुराबरोबर बाहेर टाकते, हे खरे आहे, आणि तो धूर आपल्याच आळीतली मुले हुंगतात. तेव्हा ज्याला गाडी नीट राखायची नाही त्याने ती भंगारात द्यावी. त्यात कमीपणा नाही. पत्रा सडला असेल तर द्यावीच. पण जिचा सांगाडा धड आहे, जी आठवड्यातून दोनदा बाजाराला जाते, तिला केवळ वयावरून बाद ठरवू नये. तपासणी गाडीची व्हावी, जन्मतारखेची नव्हे. पन्नाशी उलटलेल्या कामगारांसाठी आम्ही व्यवस्थापनापुढे आयुष्यभर हेच भांडत आलो.

आणि आता आम्ही म्हटल्याप्रमाणे कामगाराच्या दारात आलो. इतका वेळ आम्ही जे सांगितले ते कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. ते एका मिस्त्रीच्या हाताखाली, उलट्या डब्यावर बसून ऐकलेले आहे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून कुठले बेअरिंग गेले हे ते सांगतात. त्यांना पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. असंघटित कामगारांसाठी सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू केली, तिची वयोमर्यादा सोळा ते एकोणसाठ. आमचे मिस्त्री तेव्हाच साठीपलीकडे होते. ज्या नोंदवहीत त्यांचे नाव पहिले असायला हवे होते तिच्यात ते बसलेच नाही. युनियनचा माणूस म्हणून आम्ही हजारोंची नावे लिहिली. रोज ज्यांच्या दारात चहा प्यालो त्यांचे नाव कुठे लिहावे हे आम्हांला वेळेवर सुचले नाही. ही आमची कसूर आहे, आणि ती तुमच्यासमोर कबूल करावी म्हणूनच हा विषय घेतला.

त्यांच्या हाताखाली आज कोणी पोरगा नाही. पोरे म्हणतात, बंद झालेल्या गाडीचे काम शिकून काय मिळणार? पोरांचे चुकत नाही. आपण गिऱ्हाईके सुट्या भागाचे पैसे निमूट मोजतो आणि मजुरीपाशी घासाघीस करतो. दुकानदाराला पाचशे देताना हात कचरत नाही. मिस्त्रीला दीडशे देताना ‘काय एवढं केलंत?’ म्हणून विचारतो. पाच मिनिटांच्या कामामागची दहा वर्षे आपण हिशेबात धरत नाही. मग तो हात आपल्या पोराला कशाला शिकवील, आणि पोर कशाला शिकेल?

म्हणून तीन गोष्टी मागतो. एक, मजुरी वेगळी विचारा आणि ती घासाघीस न करता द्या. दोन, आपल्या माहितीतला जो मिस्त्री, लेथवाला, पंक्चरवाला साठीच्या आत आहे, त्याला या महिन्यात ई-श्रमच्या नोंदणीला घेऊन जा. कागदपत्रांची अडचण आली तर युनियनच्या कचेरीत आमच्याकडे या. तीन, प्रत्येक गाडीची एक वही करा. कधी काय बिघडले, मिस्त्रींनी काय केले, का केले, हे त्यांना विचारून लिहा, आणि शक्य असेल तर आय.टी.आय.मधला एखादा मुलगा शेजारी बसवून लिहा. विश्वकोशाच्या या गावात ज्ञान लिहून ठेवण्याचे महत्त्व आम्ही सांगायला नको. मात्र बोटांत असलेले ज्ञान अजून वहीत उतरलेले नाही, आणि ती बोटे आता थरथरू लागली आहेत.

आमची स्कूटर बाहेर उभी आहे. व्याख्यान संपल्यावर ती पहिल्या किकला उठली तर श्रेय मिस्त्रींचे. न उठली तर दोष आमचा, आणि आपल्यापैकी दोघा-तिघांनी ढकलायला यावे, ही विनंती.