विजेच्या सवलतीचा हिशेब आपल्या हातीं ठेवा
(गांवच्या चावडीपुढें जमलेल्या मंडळींसमोर केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें विजेच्या बिलाविषयीं बोलणार आहों. विषय लहान दिसतो. पण हा कागद शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या, शिंप्याच्या घरीं दर महिन्यास येऊन पडतो आणि मीठमिरचीचा पैसा घेऊन जातो. बहुतेक घरीं तो कोणी वाचीत नाहीं. खालचा आंकडा तेवढा पाहावयाचा, उसासा टाकावयाचा आणि पैसे भरावयाचे, अशी आपली रीत. सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें न वाचतां आपल्या वाडवडिलांनीं अंगठे उठविले. त्याचें फळ काय झालें तें आपणांस सांगावयास नको. आज अंगठा गेला, सही आली. पण न वाचण्याची खोड मात्र गेली नाहीं.

गरीब घराला विजेच्या दरांत सवलत आहे. ती कोणास मिळते? पुष्कळांची समजूत अशी कीं, पिवळें रेशनकार्ड, तहसिलीचा दाखला आणि एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी असली म्हणजे काम झालें. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें महावितरणच्या दरांविषयीं ३० मार्च २०२० रोजीं जो आदेश दिला, त्यांत दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकाची व्याख्या आहे. तींत मुख्य गोष्टी दोनच. पहिली, मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत, म्हणजे २५० वॅटपर्यंत असावा. दुसरी, मागच्या आर्थिक वर्षांत, म्हणजे १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत, एकंदर वापर ३६० युनिटांहून जास्त नसावा. नवें कनेक्शन घेणाऱ्याचा पहिल्या महिन्याचा वापर १ ते ३० युनिटांच्या आंत असावा. सवलत माणसाच्या घराला आहे, संस्थेला नाहीं. या व्याख्येंत रेशनकार्डाच्या रंगाचें नांव नाहीं, आणि पुढाऱ्याच्या चिठ्ठीचें तर नाहींच नाहीं. म्हणजे ही सवलत कोणाच्या पायां पडून मागावयाची भीक नव्हे; ती हिशेबानें राखावयाची वस्तु आहे.

पण याच आदेशांत एक वाक्य असें आहे कीं तें प्रत्येक गरिबानें भिंतीवर लिहून ठेवावें. दर वर्षाच्या अखेरीस वापर पुन्हां तपासला जातो, आणि तो ३६० च्या वर गेला तर तें घर साध्या घरगुती दरांत जातें. पुढें त्यानें कितीही काटकसर केली तरी त्याला या सवलतींत परत येतां येत नाहीं. एकदां गेली ती गेली!

हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. आमच्याच घरीं हें घडलें. आमचा वर्षाचा वापर ३४४ युनिट होता. थंडींत म्हातारी आई आजारी पडली, म्हणून तिच्या स्नानाचें पाणी तापविण्यास आम्ही बाजारांतून १५०० वॅटची कांडी आणली. रोज वीस मिनिटें लावली, म्हणजे रोज अर्धा युनिट. दोन महिन्यांत ३० युनिट झाले. वर्षाची बेरीज ३७४ झाली, आणि १४ युनिटांपायीं सवलत कायमची गेली. चूक आमचीच. २५० वॅटच्या मंजुरीवर १५०० वॅटची कांडी लावूं नये, एवढेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. चूल घरांत होती, जळण होतें. ठाऊक नव्हता तो हिशेब.

तो हिशेब आतां आपण मांडूं. १००० वॅटचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट. वर्षाचे ३६० युनिट म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट, म्हणजेच १००० वॅट-तास. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज पांच तास जळाले तर १३५ होतात. ७५ वॅटचा पंखा आठ तास फिरला तर ६००. ५० वॅटचा टीव्ही तीन तास चालला तर १५०. बेरीज झाली ८८५. फोन भरण्यापुरतें थोडें उरलें. आतां याच घरांत एलईडीच्या जागीं जुने ६० वॅटचे पिवळे बल्ब लावा. तीन बल्ब पांच तासांत एकटेच ९०० खातात. पंखा फिरण्याआधींच दिवसाचा वांटा जवळजवळ संपला. दिवा तोच, उजेड तोच, पण एका बल्बानें सवलत राहते आणि दुसऱ्यानें जाते.

म्हणून आमचें सांगणें असें. १ एप्रिलच्या सकाळीं मीटरवरचा आंकडा मुलाच्या वहींत लिहावा. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं हें काम द्यावें. तिला वजाबाकी येते ती इथें उपयोगी पडूं द्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस नवा आंकडा लिहून त्यांतून जुना वजा करावा. दिवाळींत कळावें कीं किती खर्चले, संक्रांतींत कळावें कीं किती उरले. धान्याच्या कणगींत हात घालून पाहणारी घरधनीण हा हिशेब सहज सांभाळील. बिल आलें कीं त्यावरचें रिडींग वहीशीं ताडून पाहावें. मीटर न वाचतां सरासरीनें बिल आलें असेल तर गप्प बसूं नये. तो अंदाजाचा आंकडाही तुमच्याच नांवें चढतो.

आतां कारागीर बंधूंसाठीं एक गोष्ट. घराच्या एका भागांत शिलाईचें यंत्र, चर्मकामाची बैठक किंवा लहानसें दुकान असलें म्हणजे व्यापारी दर लागणारच, असें पुष्कळ धरून चालतात. परंतु त्याच २०२० च्या आदेशाप्रमाणें, घरांतच धंदा करणाराचा वापर महिन्यास ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या वर्षीं ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. आपल्या बिलावर दराचा कोणता वर्ग लिहिला आहे, हें आज घरीं गेल्यावर पाहा.

बिल चुकलें तर काय करावें? तक्रार तोंडी करूं नये, लेखी करावी आणि पोंच घ्यावी. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणें थकबाकीसाठीं वीज तोडण्याआधीं पुरे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेविषयीं वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतील जी कमी ती हरकत नोंदवून भरावी; मग वाद मिटेपर्यंत वीज तोडतां येत नाहीं. ४२ व्या कलमानें ग्राहकांसाठीं तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल नेमण्याची तरतूद केली आहे. हे दरवाजे उघडे आहेत. पण ठोठावल्यावांचून आंतून कोणी येत नाहीं.

शेवटीं एक प्रश्न. एका वर्षीं घरांत आजार आला, बाळंतपण आलें, चौदा युनिट जास्त जळाले, म्हणून त्या घराची गरिबी संपली काय? पाऊस पडला नाहीं तर शेतकऱ्याला पुढच्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. मग या सवलतींत पुन्हां शिरतां कां येऊं नये? आठ माणसांच्या एका मीटरला आणि दोन माणसांच्या एका मीटरला तेच ३६० युनिट, हा न्याय कोणता? हा नियम बदलला पाहिजे, असें आमचें मत आहे. तो चावडीवर कुरकुर करून बदलणार नाहीं. कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें नवे दर ठरविण्यापूर्वीं कंपनीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, आणि आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारांत घ्याव्या लागतात. तिथें मोठमोठ्या कारखानदारांचे वकील कागदांचे गठ्ठे घेऊन जातात. आपल्या गांवाचें एक पानही तिथें जात नाहीं.

तें पान पुढच्या वेळीं गेलें पाहिजे. त्यावर काय लिहावयाचें हें मुलांच्या त्या वहीच सांगतील. शंभर घरांच्या शंभर वह्या एकत्र झाल्या म्हणजे ती आपल्या बाजूची साक्ष होईल. म्हणून आज घरीं जा, कंदील किंवा दिवा हातीं धरून मीटरवरचा आंकडा वाचा, आणि तो लिहून ठेवा.