खोटं पकडतं कोण?



एखादं प्रकरण गाजलं की संशयिताची पॉलिग्राफ चाचणी होणार, अशी बातमी हमखास येते. आता सोक्षमोक्ष लागणार, असं आपल्यालाही वाटतं. पण खोटं ओळखणारं यंत्र अजून कुणी बनवलेलंच नाही. १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पोलीस दलातल्या जॉन लार्सन यांनी जुळवलेलं यंत्र रक्तदाब आणि श्वास नोंदवत असे. पुढे बोटांवरच्या घामाची भर पडली. आजही छाती-पोटाभोवती नळ्या, दंडाला पट्टा, बोटांना इलेक्ट्रोड, एवढाच सरंजाम असतो.

खरं काम सुरू होतं ते हे सगळं जोडण्याआधी. परीक्षक समोरच्याशी निवांत बोलतो आणि सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवतो. नवल वाटेल, पण अवचित आलेल्या प्रश्नाला कुणीही दचकतं, आणि आलेखावर ते दचकणं खोटेपणासारखंच उमटतं. मग मुख्य प्रश्नांच्या अधेमधे तो एक आडवा प्रश्न पेरतो : "आजवर कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीत?" 'नाही' म्हणताना भलेभले चुळबुळतात. निर्दोष माणूस या प्रश्नाला जास्त बिचकेल आणि गुन्हेगार मुख्य प्रश्नाला, असा हा हिशेब. प्रत्येक उत्तरानंतर शरीर स्थिरावेपर्यंत काही सेकंद शांतता.

हिशेब हुशारीचा खरा, पण 'खून तुम्ही केलात का?' या प्रश्नाला निरपराध माणसाच्याच छातीत धडधडलं तर? आणि निर्ढावलेल्याचं काय? सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटला. पकडला गेला १९९४ मध्ये. म्हणून परीक्षकाने आधीच मनाशी निकाल लावलेला नसणं, हे मला यंत्राच्या अचूकपणाहून महत्त्वाचं वाटतं. आलेखातला चढउतार भीतीचा, रागाचा की लपवाछपवीचा, हे कागद सांगत नाही. तो अर्थ परीक्षकच लावतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सक्तीच्या चाचणीला मनाई केली, ती स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याच्या हक्काचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन. संमती द्यायची ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाचा सल्ला घेण्याची मुभा ठेवून. आणि संमतीने झालेल्या चाचणीचा निकालसुद्धा न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.